पूर्ण पत्त्याच्या दीदी

ऑफिसात रुजू झालो त्याच आठवड्यात मी चुकीची पिंकी बंद केली आणि पाण्याची बिलं भरून घेणारे आमचे सगळे काउंटर एका फटक्यात ठप्प झाले. रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या ऑफिसच्या खालीच एक काउंटर आहे. तिथून आधी एकाचा आवाज आला, "अरे भैया, चल नहीं रहा!" मग पुष्कळांचे आवाज आले. घाबरल्यावर लोक पळतात. मी घाबरलो की माझे पाय खुर्चीला चिकटतात. तसाच चिकटून बसलो होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी अगदी भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं,

"भैया, कोणती पिंकी?"

"पिंकी. पिंकीच," मी म्हणालो.

"पिंकी तर ढीगभर आहेत इथं. कुठली?"

माझा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या दीदींचा परिचय झाला तो असा. त्यांनी मला खुर्चीतून उठवलं नाही. मागे उभ्या राहून एकेक ओळ सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो, आणि टेबलावरचा चहा निवायच्या आत काउंटर पुन्हा सुरू झाले. जाताना एवढंच म्हणाल्या, "नुसत्या नावानं कोणाची ओळख पटते का? पत्ता विचारत जा." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चाळिशी ओलांडलेल्या, 'अनुभवी' म्हणून घेतलेल्या माणसाला कोणी रागावलं की निदान तोंड पाडून बसायची सोय होते.

पिंकीचं सांगायला हवं. आमच्या आधीच्या साहेबांना एकुलती एक मुलगी, तिचं नाव पिंकी. साहेबांचा तिच्यावर भारी जीव. ऑफिसात नवीन काहीही उभं राहिलं की नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नसे. खऱ्या सर्व्हरवरून डेटाबेसला जाणारं कनेक्शन, त्याचं नाव पिंकी. सरावाच्या सर्व्हरवर तसंच दुसरं, तेही पिंकी. निरोप साठवायची जागा, पिंकी. साहेब बदलून गेले, पिंकीचं लग्न होऊन ती भोपाळला गेली, पण आमच्या सर्व्हरवरून ती काही हलली नाही.

आता अॅप्लिकेशन सर्व्हर म्हणजे काय, हे मला ज्या भाषेत कळलं त्याच भाषेत सांगतो, कारण दुसऱ्या भाषेत मला अजून कळलेलं नाही. तो एक मोठा अपार्टमेंट समजा. सगळ्यांत बाहेर कंपाउंड, त्याला म्हणतात सेल. कंपाउंडात बिल्डिंगा, म्हणजे मशीन, त्यांना म्हणतात नोड. बिल्डिंगीत फ्लॅट, म्हणजे सर्व्हर. फ्लॅटात कपाटं, आणि कपाटात आमच्या पिंकीसारख्या वस्तू. यातली कुठलीही वस्तू बदलायची तर आधी ती शोधावी लागते. पडद्यावर चित्रांवर टिचक्या मारत शोधता येते, किंवा चार ओळींची स्क्रिप्ट लिहून सर्व्हरलाच विचारता येतं: अमुक कंपाउंड, अमुक बिल्डिंग, अमुक फ्लॅट, पिंकी, आहे का? असली की सर्व्हर तिची खरी ओळख सांगणारी एक लांबलचक ओळ परत देतो. पत्ता न देता नुसतं 'पिंकी' म्हणालात तर जेवढ्या असतील तेवढ्या सगळ्या एकाखाली एक उभ्या करतो. मी त्यातली पहिली उचलली होती. पहिली होती म्हणून.

दीदींना टिचक्या मारणं बिलकूल खपत नसे. "टिचकी मारली ते उद्या कोणाले दाखवाल? लिहिलेलं असलं तं उद्याही वाचता येते." त्या लिहून विचारत, आणि उत्तराची ओळ पडद्यावर बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचत. त्यांच्या पडद्याला त्यामुळे मधोमध एक आडवा पट्टा पडला होता, रांगोळी फिसकटल्यासारखा. वाचून झाल्यावर मान हलवत आणि मगच वस्तूला हात लावत.

हे सर्व्हरपुरतं असतं तर मी त्यांच्यावर लिहायला बसलो नसतो. दीदी सगळ्याच जगाला पूर्ण पत्त्यानं ओळखत. "शर्माजी आले होते," असं कोणी म्हणालं की, "कोणते? मेडिकलच्या वर राहतात त्यातले धाकटे की तळ्याच्या पाऱ्यातले?" पारा म्हणजे इकडचा मोहल्ला. चहावाल्याला नुसता 'एक चाय' म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही. "वरचा मजला, खिडकीकडचं टेबल, बिनासाखरेचा, दीदी." चहावाला त्यांना रोज बघत होता. तरी तो मान डोलावून ऐकून घ्यायचा, आणि मला नेहमी शेजारच्या टेबलाचा गोड चहा मिळायचा, त्यांना मात्र बिनासाखरेचा त्यांचाच.

हे वेड आलं त्यांच्या वडिलांकडून. त्यांचं मूळ घर भंडाऱ्याकडचं. वडील रेल्वेत लागले, पार्सल ऑफिसात, आणि रायपूरचेच झाले. "पार्सलं यायची ना भैया, नुसतं 'रामलाल, रायपूर'. आता कोणता रामलाल? आंब्याची टोपली तशीच पडून राहायची. बाबा घरी आले की त्यांच्या कपड्याले सडक्या आंब्याचा वास. आई म्हणे, पत्ता नाही लिहिला की असा वास येते." आम्ही नावापुढचा पत्ता टाकायला विसरलो की दीदी नुसतं नाक उडवत. तेवढ्यानं कळायचं.

एकदा भाचीच्या लग्नाची भांडी घ्यायला त्या माझ्या बायकोला सोबत घेऊन गोल बाजारात गेल्या. बायकोनं परत येऊन सांगितलं ते असं. भांड्यावर नाव टाकणारा मशीन घेऊन बसलेला. दीदी त्याला सांगतायत: रायपूर, मग पारा, मग गल्ली, मग घर, मग भाचीचं नाव. तो म्हणाला, "दीदी, ये कटोरी है. इसमें तो आपका पारा भी नहीं आएगा." दीदींनी वाटी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "बुडावर लिहा, गोल गोल." बायको सांगत होती, त्या माणसानं वाटी लिहून झाल्यावर मशीन बंद केलं आणि जेवायला निघून गेला. अजून डबे बाकी होते.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकायला मला फार वेळ लागला. सर्व्हरला विचारलेली वस्तू त्या पत्त्यावर नसली तर तो ओरडत नाही, लाल अक्षरात काही लिहीत नाही. नुसती रिकामी ओळ देतो. मला वाटायचं, स्क्रिप्ट चाललीच नाही. मी पुन्हा चालवायचो, पुन्हा रिकामी ओळ, मग मी की-बोर्ड आपटायचो. दीदी म्हणत, "त्याच्यावर काहून चिडून राहिले? त्यानं उत्तर दिलं ना. म्हणून राहिला, इथं नाही. 'नाही' हेही उत्तरच असते." आणि मग त्यांच्या आवाजात एक खट्याळपणा येई. "तुमच्या घरी 'नाही' म्हणतात तेव्हा समजते ना तुम्हाले?"

तर अशा दीदींची लेक सोनू, नागपूरला दिलेली, बँकेत नोकरीला. तिचं पहिलं बाळंतपण. तिला वडील नाहीत, सासू नाही, नवरा मालगाडीवर गार्ड, आज घरी तर उद्या गोंदियाला. दीदींनी तिला शब्द दिला होता की तुला आत नेतील तेव्हा मी दारात असेन. सगळं ठरलं होतं, रजा मंजूर होती. आणि डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख अलीकडे ओढली. आली नेमकी त्या रविवारी, ज्या रविवारी आमचा जुना सर्व्हर नव्या मशीनवर न्यायचा होता. सोमवारी काउंटर उघडायच्या आत तो उभा राहिलाच पाहिजे, आणि तो उभा करणारं ऑफिसात एकच माणूस, दीदी.

आताचे साहेब वाईट नाहीत. समोशाचा तुकडा मोडत म्हणाले, "छुट्टी से मना नहीं है दीदी. पर सर्वर कौन उठाएगा? कोई दूसरा करके दिखा दे शुक्रवार तक, तो आप जाइए."

दीदींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आणि माझं तोंड, जे नको तिथं उघडायची त्याला जुनी सवय आहे, ते उघडलं. "मी करतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पिंकीची हकिगत त्यांना माहीत होती. दीदींनीही पाहिलं, मग म्हणाल्या, "हव. करतील भैया."

पुढचा आठवडा मी जो अभ्यास केला तो दहावीला केला असता तर आज साहेबांच्या खुर्चीत असतो. दीदींनी सांगितलं होतं, "घरीही सराव करा. काहीही मागायचं तं पूर्ण पत्त्यानं." मी जेवायला बसलो की सुरू: "आपलं घर, स्वयंपाकघर, ओट्याच्या वरची फळी, डावीकडून दुसरी बरणी, लोणचं." पहिल्या दिवशी बायको हसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लोणचं पाहिजे तुम्हाले की जमिनीची रजिस्ट्री करून राहिले?" मुलगा तर हिंदीतच म्हणाला, "पापा, अचार सामने रखा है." पण रात्रीच्या जेवणाला मी मोठ्यांदा उजळणी करायचो, कंपाउंड, बिल्डिंग, फ्लॅट, कपाट, आणि बायको पोळ्या लाटता लाटता ऐकायची. ऐकण्यावाचून तिला इलाजही नव्हता.

शुक्रवारी सरावाच्या सर्व्हरवर परीक्षा झाली. साहेब खुर्ची ओढून बसले. मी पत्ता दिला, सर्व्हरनं एकच ओळ दिली, मी बोट ठेवून वाचली, बदल केला. घाम पुसला. साहेब म्हणाले, "बढ़िया. अब खोल के दिखाओ." मी बाहेर पडलो, पुन्हा आत आलो, आणि पाहतो तर बदल गायब. जसं होतं तसं. या स्क्रिप्टांचं असं आहे की शेवटी 'सेव्ह' म्हणालात तरच सर्व्हर तुमचं मनावर घेतो. नाहीतर तुम्ही काही बोललाच नव्हतात असं धरतो. मी म्हणालोच नव्हतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दीदी बोलल्या, "साहेब, पहिले बिना सेव्हचं करून दाखवायचं, हीच पद्धत आहे. भैया, आता सेव्हसकट दाखवा." मी सेव्हसकट दाखवलं. रजा कायम झाली. बाहेर जिन्यात दीदींनी मला गाठलं. "रविवारी ही पद्धत नका वापरू."

रविवारी सकाळच्या गाडीनं त्या निघाल्या. मी ऑफिसात बसलो. साहेब समोशाचा पुडा घेऊन माझ्या मागे. एकेक वस्तू नव्या मशीनवर शोधायची, वाचायची, जुळवायची. सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं म्हणेपर्यंत मी पिंकीचा पत्ता दिला. पूर्ण पत्ता, दीदींनी पाठ करून घेतलेला. उत्तर आलं, रिकामी ओळ.

पुन्हा दिला. रिकामी ओळ.

मागे समोसा चावायचा आवाज थांबला. "क्या हुआ? नहीं मिल रहा? दीदी अभी दुर्ग ही पहुंची होंगी. फोन लगाओ, बोलो उतर जाएं. दोपहर तक लौट आएंगी."

फोन लावला तर दीदी उतरल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. एक शब्द न बोलता, दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर, डिंकाच्या लाडवांच्या पिशवीसकट. मी साहेबांच्या देखत फोन काढला आणि लावला. बायकोला.

"बोला. दळण राहिलं ना आणायचं?"

"हो दीदी," मी म्हणालो.

"अहो, मी आहे. कोण दीदी?"

"हो दीदी, साहेब इथंच बसले आहेत. पिंकीचा पत्ता दिला तं रिकामं उत्तर येऊन राहिलं."

मी काय बोलतो ते माझ्या बायकोला सहसा पटत नाही, पण का बोलतो ते तिला ताबडतोब कळतं. तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. "साहेब म्हणून राहिले का, त्यांना गाडीतून उतरवा?"

"हो दीदी."

"मग नीट ऐका. आठवडाभर कान किटवले ना माझे? पूर्ण पत्ता सापडत नाही तं वरून विचारत या. पहिले कंपाउंड आहे का ते विचारा. मग बिल्डिंग. मग फ्लॅट. जिथं पहिल्यांदा रिकामं उत्तर येईल, तिथंच गडबड."

"हो दीदी."

"आणि येताना दळण."

साहेबांनी विचारलं, "क्या बोलीं?" मी म्हणालो, "बोलीं, ऊपर से पूछो." दळणाचं सांगितलं नाही.

कंपाउंड विचारलं. आहे. बिल्डिंग विचारली, नव्या मशीनसाठी आम्ही ठरवलेल्या नावानं. रिकामी ओळ. म्हणजे बिल्डिंगच नाही! मग फ्लॅट कुठून असणार आणि पिंकी कुठून सापडणार? मी सर्व्हरला म्हणालो, बाबा रे, तुझ्याकडे ज्या बिल्डिंगा असतील त्या सगळ्यांची नावं दे. त्यानं दिली. जुन्या ओळखीच्या दोन, आणि खाली एक नवीनच. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

"गोलू."

मागे साहेब खोकले. समोसा घशात अडकला होता. पाणी प्यायले आणि म्हणाले, "अरे हां. वो इंस्टॉल करने वाला लड़का पूछ रहा था क्या नाम दूं. मैंने बोल दिया. पोते का नाम है." मग इकडेतिकडे बघत, हळूच, "दीदी को मत बताना."

गोलूचा पत्ता टाकून विचारल्याबरोबर पिंकी आली. एकच. मी ती ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली, बदल केला, आणि सेव्ह म्हणालो. इतक्या मोठ्यानं म्हणालो की खालचा पानवाला वर बघायला लागला. दुपारी सर्व्हर उभा होता.

संध्याकाळी दीदींचा फोन आला. "जय भीम, भैया. पोट्टी झाली."

"मुलगी! तुम्ही पोचल्या वेळेवर?"

"दारातच होती मी. आत नेताना सोनूनं हात असा दाबला माझा, बांगडी वाकली." मग लगेच, "सेव्ह केलं ना?"

"केलं दीदी."

"रिकामं उत्तर आलं होतं का कुठं?"

"आलं होतं."

"मग मले फोन काहून नाही केला?"

तिकडून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "हव." आणि फोन ठेवला. साहेबांनी सांगू नका म्हटलेलं गोलूचं मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की सोनूही हसेल आणि तिचे टाके दुखतील म्हणून त्यांना खोलीबाहेर जावं लागलं.

पुढचं मला त्या वेळी समजायला हवं होतं. दीदी परत आल्या, नव्या मशीनवर एकेक पत्ता विचारून सगळं पाहिलं, आणि कुठंही हात लावायची गरज पडली नाही. एरवी सर्व्हर अडला की लोक त्यांच्या टेबलाशी जायचे. आता त्या चष्मा पुसत म्हणायच्या, "भैयाले विचारा." सोनूची बँक सुरू होणार होती, बाळाजवळ कोणीतरी हवं होतं. मी नापास झालो असतो तर साहेबांनी त्यांना सोडलं नसतं. मी पास झालो होतो. बायकोच्या मदतीनं का होईना, पण झालो होतो. दीदींनी राजीनामा दिला तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "अब तो भैया हैं ही."

मी आणि बायको त्यांना गाडीवर बसवायला गेलो. दीदी बायकोशीच बोलत राहिल्या, बाळंतिणीचं खाणं, बाळाचं अंग धुणं. माझ्याकडे वळल्या त्या गाडी सुटताना. "नातीचं नाव ठरलं. पण तुम्हाले सांगत नाही. सांगितलं की सोमवारी एखाद्या सर्व्हरले लावाल तुम्ही लोक." खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला. वयानं त्या माझ्याहून फार मोठ्या होत्या असंही नाही.

आमची स्कूटर बायको चालवते. सदर बाजारात मी एकदा एका हातगाडीला धडकलो होतो. हातगाडी उभी होती, यावर बायकोचा भर असतो. तेव्हापासून मी मागे बसतो. स्टेशनहून निघालो. मग मागून म्हणालो, "उद्या सर्व्हर बसला तं मी कोणाले विचारू?"

तिनं सिग्नलला गाडी थांबवली. मागे वळून पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही.

"हेल्मेटची काच खाली घ्या आणि रडून घ्या," ती म्हणाली. "मी समोर पाहून राहिली."